घंटीतला कापूस

रस्त्याच्या कडेच्या बाभळींना पुन्हा कापूस लागला आहे. दरवर्षी लागतो. कापसाने भरलेल्या गाड्या दिग्रसकडे जातात, फांद्यांना घासतात, आणि काट्यांत पांढरे पुंजके अडकून राहतात. नव्या माणसाला वाटावे, या झाडालाच बोंडे येतात. मी ओसरीत खुर्ची टाकून बसते आणि हे पुंजके पाहत राहते. या वयात दुसरे काय करायचे? पाहण्याचेच काम जन्मभर केले. शेत पाहिले, चूल पाहिली, आपली पोरे पाहिली, पुढे बालवाडीत लोकांची पोरे पाहिली. कोणी विचारले की आजी, तुमचे पाय दुखतात का, तर मी हो म्हणते. खरे तर पायांपेक्षा डोळे जास्त थकले आहेत. लक्ष ठेवून ठेवून माणूस थकतो, आणि त्या थकव्यावर डॉक्टरकडे गोळी नसते.

आता घरात राखणीला पुष्कळ गोष्टी आल्या. नातवाने विजेच्या बोर्डाच्या भोकांत प्लास्टिकची बुचे बसवली आहेत. फाटकाला आतून कडी आहे. ओसरीच्या खांबावर एक डोळा बसवला आहे, तो म्हणे पुण्याला नातवाच्या फोनमध्ये उघडतो. एकदा मी खुर्चीतच पेंगले तर खांबातून त्याचा आवाज आला, "आजी, ओवी कुठं आहे?" मी दचकून उठले. ओवी म्हणजे त्याची मुलगी, दीड वर्षाची, माझी पणती. ती माझ्याच खुर्चीखाली बसून माझी चप्पल चावत होती. खांबाला ते दिसत नव्हते. मी खांबाकडे पाहून म्हटले, "आहे बावा, आहे," आणि पोरीच्या तोंडातून चप्पल काढली.

हा प्रश्न मी फार पूर्वी एकदा ऐकला आहे. याच ओसरीत, याच दिवसांत.

तेव्हा मी सातवी पास होऊन या घरात आले होते, आणि माझा दिनू वर्ष-सव्वा वर्षाचा होता. आपले मराठीचे राज्य नवे नवे झाले होते. आमच्या गावाला त्याची खूण एवढीच, की रस्त्यावर खडी पडली आणि एस. टी. जाऊ लागली. त्याआधी रस्ता म्हणजे अंगणच होते. कोंबड्या, वासरे, पोरे सगळी त्याच धुळीत लोळायची. एस. टी. आली तरी सवय कुठे जाते? गाडी गेली की मागे उडणाऱ्या धुळीत पोरे धावायची, आणि आया दारातून नुसत्या शिव्या घालायच्या. बैलबंडीच्या मागच्या लाकडाला लोंबकळणे, चालत्या बंडीतून कापूस ओढणे, हे तर पोरांचे नित्याचे खेळ. कोणाचा पाय चाकाखाली आला की चार दिवस सगळे सावध, पाचव्या दिवशी पुन्हा तेच.

सीतादही झाले, शेतात दह्याचा नैवेद्य दाखवून वेचणीला हात लागला, की घरातली तरणी बाई घरात राहत नसे. पहाटे भाकरी थापायच्या, कंबरेला ओटी बांधायची, आणि दंव सुकायच्या आत कापसाच्या पऱ्हाटीत शिरायचे. बोंडाची टोके सुकलेली असतात, ती नखाच्या मुळाशी टोचतात. संध्याकाळी पीठ मळताना मीठ लागले की डोळ्यांत पाणी यायचे. रात्री पाठ टेकली की वाटे, आता उठूच नये. आणि त्यात मधल्या वेळी अंगावरचे दूध पाजायला शेतातून घरी यायचे, पुन्हा जायचे. ज्या आयांना हे जमत नसे, त्या लेकराला मोहरीएवढी अफू चाटवीत. लेकरू दिवसभर झोपून राही. वेचणीच्या दिवसांत कितीतरी घरे अशी शांत असायची. बाहेरच्या माणसाला वाटावे, काय गुणाची लेकरे आहेत.

आमच्या घरात अफूचे नाव काढायची सोय नव्हती. मी वावरात असले की दिनू माझ्या सासूबाईंजवळ असे. त्यांना मी आत्याबाई म्हणायची. त्या फार बोलणाऱ्या नव्हत्या. पण एकदा शेजारची बाई दिनूसाठी पुडी घेऊन आली, तेव्हा त्यांनी तिला दारातच थांबवले. "माही पहिली पोरगी असीच झोपली होती," त्या म्हणाल्या. "म्या वावरातून आली, भाकर खाल्ली, म्हटलं झोपू द्या. दिवस बुडाला तरी झोपूनच." शेजारीण पुडी घेऊन परत गेली. आत्याबाई आत येऊन पुन्हा ज्वारी पाखडू लागल्या. सुपाचा आवाज त्या दिवशी बराच वेळ चालला होता.

म्हणून आमच्या घरी लेकराने वाजत राहावे, असा नियम होता. आत्याबाईंचे म्हणणे साधे होते. "रडणाऱ्या लेकराचं मले भेव नाही वाटत. गुमान लेकराचं वाटते." दिनू रांगू लागला तेव्हा त्याच्या करगोट्याला एक लहानशी पितळी घंटी बांधली गेली. ती घंटी रामधनबाप्पाने दिली होती. रामधनबाप्पा आमच्या गावाशेजारच्या बंजारा तांड्यातले. त्यांच्या बापजाद्यांनी बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर वाहिले होते. बाप्पांच्या वाट्याला जमिनीचा एक तुकडा आणि एक बंडी आली, आणि त्या जुन्या बैलांच्या गळ्यातल्या काही घंट्या. कापसाच्या दिवसांत ते आमचा माल भाड्याने दिग्रसला नेत. दिनू झाला तेव्हा त्यांनी घंटी आणून आत्याबाईंच्या हातावर ठेवली. "बैल हारपला तर सापडते, पोरगं काहून नाही सापडनार?" एवढेच म्हणाले.

घंटीबरोबर दुसरी एक सोय होती. उंबऱ्यावर आडवी फळी. दोन्ही बाजूंना खाचा पाडून ती बसवलेली असे, मोठ्या माणसाच्या गुडघ्याएवढी. आम्ही तिच्यावरून लुगडे सावरीत पाय टाकायचो, पाहुणे अडखळायचे, पण लेकरू आत राहायचे. एक फळी आणि एक घंटी, एवढ्यावर आमचा संसार निर्धास्त होता.

घंटीचा त्रास एकच. लेकरू झोपेत कुशीला वळले की ती वाजे, आणि झोपलेले लेकरू जागे होई. त्यावर माझा उपाय होता. घंटीत कापसाचा एक बोळा सारायचा. जीभ अडकते, आवाज बंद. लेकरू उठले की बोळा काढायचा. कापसाला काय तोटा होता? माजघर आढ्यापर्यंत भरलेले असायचे. आम्ही कापसाच्या भिंतीला टेकून जेवायचो, कापसाच्या उबेत झोपायचो. आत्याबाईंना तो बोळा आवडत नसे. दिनू उठला आणि मी त्याला कडेवर घेते न घेते तोच त्यांचा प्रश्न यायचा, "बोळा काढला काय वं?" तो इतक्यांदा यायचा की मला झोपेतही ऐकू यायचा.

तो दिवस माल भरायचा होता. घरचा कापूस दिग्रसच्या बाजारात न्यायचा, म्हणून रस्त्यावर आमच्या दारापासून मागे बंड्यांची रांग लागली होती. दिवस कलता कलता निघायचे, रात्रभर चालायचे, पहाटे जिनिंगच्या कारखान्याच्या फाटकाशी रांगेत उभे राहायचे, असा रिवाज होता. बंड्यांना बांबूचे तट्टे लावले होते, आणि गावची पोरे वर चढून कापूस तुडवीत होती. माझे घरधनी, त्यांचे भाऊ, गडी, सगळे पाट्या भरभरून माजघरातून बाहेर नेत होते. पाटी डोक्यावर असली की उंबऱ्यावरच्या फळीत पाय अडतो. कोणीतरी ती काढून भिंतीला टेकवून ठेवली. कापसाला वाट मोकळी पाहिजे होती.

मी दुपारी वावरातून आले, दिनूला पाजले, आणि पाजता पाजता बाजेवरच आडवी झाले. झोप येते असे नाही म्हणता येणार, झोप कोसळली. पोरांचा कल्ला, पाट्यांची ये-जा, बैलांच्या घंटा, काही काही ऐकू आले नाही. वेचणी लागल्यापासून मी पोटभर झोपले नव्हते.

जाग आली ती आत्याबाईंनी खांदा हलवला तेव्हा. त्यांचा चेहरा मला आजही स्वच्छ दिसतो. त्या मोठ्याने बोलल्या नाहीत.

"दिनू तुह्याजवळ आहे काय?"

मी बाजेवर हात फिरवला. चादरीचा त्याच्या जागेचा भाग अजून कोमट होता. मी म्हटले, "तुमच्याजवळ नाही?"

या दोन प्रश्नांच्या मध्ये जी जागा असते, तिथेच पोरे हरवतात. पुढे इतकी वर्षे मी लोकांची लेकरे सांभाळली, आयांच्या सभा घेतल्या, शिकवायला आलेल्या साहेबांची भाषणे ऐकली. पण मला कळलेले तेवढेच. आईला वाटते आजीजवळ आहे, आजीला वाटते आईजवळ आहे. घरात माणसे भरपूर असतात, म्हणून प्रत्येकाचे मन निवांत असते.

आम्ही दोघींनी कान दिला. घंटी कुठेच वाजत नव्हती. आत्याबाई एकदम कापसाच्या ढिगाकडे वळल्या. ढिगाला एका बाजूने माल काढून काढून खळगा पडला होता, वरचा कापूस केव्हाही खाली घसरला असता. त्यांना वाटले, पोर त्यात गेले. दोन्ही हातांनी त्या कापूस उपसू लागल्या. त्यांच्या पदरावर, केसांवर, भुवयांवर कापूस. मीही उपसू लागले. कापूस किती हलका असतो म्हणतात. त्या दिवशी तो संपत नव्हता. बाहेरून गड्यांची हाकाटी ऐकू येत होती, जुंपा, जुंपा, उशीर झाला. बैल जुंपले जात होते. आणि मग माझे लक्ष भिंतीला टेकवलेल्या फळीकडे गेले.

मी धावत ओसरीत आले. रांगेतल्या सगळ्या बंड्या निघायला तयार होत्या, फक्त पहिली हलत नव्हती, म्हणून मागच्या खोळंबल्या होत्या. पहिली बंडी रामधनबाप्पांची. त्यांची एक सवय होती, आणि सगळे गाव तिला हसायचे. कासरा हाती घेण्याआधी ते बंडीभोवती एक पूर्ण फेरी घालायचे. दोन्ही चाकांवर हात ठेवायचे, वाकून खाली पाहायचे, मग बैलांच्या तोंडाशी येऊन त्यांच्याशी दोन शब्द बोलायचे. मिठाच्या तांड्यात तशी रीत होती म्हणे. मुक्काम हलवताना गोण्या पाहायच्या, बैल पाहायचे, कोणाचे लेकरू बैलाच्या सावलीत झोपून राहिले नाही ना ते पाहायचे. आता ना मीठ, ना तांडा चालता. फेरी तेवढी राहिली होती.

मागून कोणीतरी ओरडले, "बाप्पा, मीठ सांडलं काय? चाला ना लवकर."

बाप्पा पलीकडच्या चाकाशी वाकले होते ते वाकलेच राहिले. मग त्यांनी मागे न पाहता हात वर केला. "बैलायले धरा," ते म्हणाले, अगदी हळू. "कोनी बोंबलू नका. याडीले बोलवा." त्यांच्या बोलीत याडी म्हणजे आई.

दिनू चाकाच्या आतल्या बाजूला, आसाखाली बसला होता. आसाचे काळे वंगण त्याने तोंडाला, पोटाला, सगळीकडे फासले होते आणि मोठ्या समाधानाने बोटे चोखत होता. पाठ चाकाला टेकलेली. बंडी हातभर हलली असती तर... हे वाक्य मी कधी पूर्ण केले नाही, आताही करणार नाही.

बाप्पा धुळीत बसले. पोराला ओढायला गेले नाहीत, पोर दचकून भलतीकडे सरकले असते. त्यांनी पागोट्याचे टोक सोडून त्याच्यासमोर हलवले, वासराला बोलवावे तसे च्‌ च्‌ केले. दिनूने विचार केला. मग रांगत रांगत आसाखालून बाहेर आला आणि पागोटे पकडून हसला. मी त्याला उचलले. रडले वगैरे नाही. त्याला घेऊन तिथेच रस्त्यात बसले.

बाप्पांनी त्याच्या कंबरेची घंटी बोटाने हलवली. आवाज आला नाही. त्यांनी नखाने आतला बोळा ओढून काढला आणि तळहातावर धरला. काळ्या तळहातावर पांढरा पुंजका. "हे कोनं भरलं?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. साहजिकच होते, बोळ्याची सवय माझीच. मीही क्षणभर माझ्या हाताकडे पाहिले. पण त्या दुपारी मी बोळा घातला नव्हता. घालण्याआधीच झोपले होते.

"म्या," मागून आत्याबाई म्हणाल्या. त्या ओसरीच्या पायरीवर उभ्या होत्या, अंगभर कापूस. "पोरगं कुशीले वळे, घंटी वाजे, अन्‌ हे सून दचके. डोये उघडे अन्‌ पुन्हा मिटे. म्हटलं थकली आहे. घटकाभर झोपू द्या तिले." एवढे बोलून त्या आत गेल्या.

तो बोळा दिनूसाठी नव्हताच. तो माझ्यासाठी होता. जिने एक लेकरू शांततेत गमावले, जी रोज मला बोळ्यावरून टोकत होती, तिने त्या दुपारी माझ्या चेहऱ्याकडे पाहून स्वतःचा नियम स्वतः मोडला. मग कोणीतरी कापूस मोजायला हाक मारली असेल, चहा मागितला असेल, आणि त्या विसरल्या. मला राग यायला हवा होता. मी आतून शोधून पाहिला, सापडला नाही. सासू सुनेला छळते, अशा गोष्टी माणसे पदरचे घालून सांगतात. थकलेल्या सुनेला झोपू द्यावे म्हणून सासूच्या हातून काय होऊन बसले, ही गोष्ट कोणाला सांगणार?

त्या दिवशी रांगेतल्या प्रत्येक गाडीवानाने खाली उतरून आपापल्या बंडीभोवती फेरी घातली. कोणी सांगितले नव्हते. पुढे तो आमच्या गावचा रिवाजच झाला, की दारातली गाडी फेरी घातल्याशिवाय हलवायची नाही. बायांनीही आपापसात ठरवले. वेचणीच्या दिवसांत रोज पाळीने एकीने वावरात जायचे नाही, आमच्या ओसरीत सगळ्यांची लेकरे घेऊन बसायचे. बाकीच्या संध्याकाळी आपापल्या ओटीतला ओंजळभर कापूस तिच्या पाटीत टाकीत, म्हणजे तिचा दिवस बुडत नसे. ओसरीच्या तोंडाला आमचीच ती फळी लावलेली असे. पुढे सरकारी बालवाडी आली तेव्हा ती चालवायला मला विचारले, ते या ओसरीमुळेच. आत्याबाईंची पाळी नसली तरी त्या रोज येऊन बसत. दुपारी त्या कधी झोपल्या नाहीत. त्या हंगामात नाही, आणि नंतर गेल्या तोपर्यंतही नाही.

रिवाज काही वर्षे टिकला. मग ट्रक आले. ट्रकचा ड्रायव्हर परगावचा, वरच्या वर बसलेला, त्याला ना गाव ठाऊक ना गावचे पोर. तो कशाला उतरून फेरी घालतो? आम्ही गतिरोधक मागितला, तो मिळायला माझे केस पिकले. मिळाला, मग रस्ता रुंद झाला आणि तो उखडला. आता शाळेपुढे एक पाटी आहे, सावकाश जा म्हणून. बाभळीच्या आड ती दिसत नाही. दोनदा मी विळा घेऊन फांद्या तोडून आले. फांद्या पुन्हा येतात, आणि माझा हात आता तेवढा वर जात नाही. दिनू म्हणतो, "माय, तू कायले जातं? लोकायले समजते." दिनूला आता स्वतःला नात आहे. वंगण चाटल्याची गोष्ट त्याला खरी वाटत नाही.

आज दुपारी नातसून, पूजा, रात्रीची ड्यूटी आणि वर सकाळचे लसीकरण करून आली. आरोग्य केंद्रात नर्स आहे ती. पाय धुतले, पोरीला पोटाशी घेतले आणि बाजेवर पडली ती तशीच. तोंड थोडे उघडे, हाताला अजून औषधाचा वास. ओवी मात्र जागी होती. बाजेवरून उतरून जमिनीवर खेळू लागली. तिच्या कंबरेला ती घंटी आहे, मीच बांधली. पोरगी हलली की घंटी वाजे, घंटी वाजली की पूजाच्या पापण्या हलत. डोळे उघडत, पोर दिसले की मिटत. पुन्हा घंटी, पुन्हा पापण्या.

मी वाती वळत बसले होते. मांडीवर कापूस होता. केव्हा कोण जाणे, माझ्या बोटांनी त्यातला एक लहानसा बोळा करून ठेवला होता. इतकी वर्षे आत्याबाईंचा तो हात मला कळला आहे असे मी समजत होते. तो मला आज कळला.

मी बोळा डब्यात टाकला आणि झाकण लावले. मग भिंतीला धरून उठले. उठायला वेळ लागतो आता, गुडघे कुरकुरतात. सावकाश जाऊन उंबऱ्यावर बसले, काठी दारात आडवी धरली आणि ओवीला हाक मारली. ती वाजत वाजत आली आणि काठी हलवू लागली. पूजा झोपेतच चाचपडली. तिचा हात बाजेवर रिकामा फिरला.

"आजी," ती डोळे न उघडता म्हणाली, "ओवी कुठं आहे?"

"माह्याजवळ आहे," मी म्हटले. "झोप तू."

ती झोपली. ओवी काठीशी खेळत राहिली, घंटी वाजत राहिली, आणि पूजाच्या पापण्या पुन्हा हलल्या नाहीत.